पाच वर्षांच्या पुढे

कॅन्सर आणि पाच वर्षं ही जोडी आपल्याकडे डोक्यात पक्की बसलेली आहे. पाच वर्षं निभावली की सुटलो, असा हिशोब पेशंट करतात, नातेवाईक करतात आणि घाईत असलेले डॉक्टरही करतात. त्या दिवशी कुणी सत्यनारायण घालतं, कुणी कुलदेवतेची ओटी भरून येतं, कुणी फाइल माळ्यावर टाकून देतं. पुष्कळशा कॅन्सरांच्या बाबतीत हा हिशोब फारसा चुकत नाही. हे पुस्तक ज्या आजाराविषयी आहे तिथे मात्र तो चुकतो, आणि तो का चुकतो हे कळलं की निदानापासून औषधापर्यंत बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप जागेवर बसतात. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

२०१७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक मोठा अभ्यास आला. त्यात ८८ चाचण्यांमधल्या ६२,९२३ स्त्रियांची माहिती एकत्र केली होती. सगळ्यांचा स्तनाचा कॅन्सर इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे हॉर्मोन पॉझिटिव्ह होता; हे पुस्तक याच आजाराचं. सगळ्यांना पाच वर्षं हॉर्मोनविरोधी गोळी द्यायची असं ठरलेलं होतं, आणि पाच वर्षं पुरी होताना कुणालाही आजाराचा मागमूस नव्हता. म्हणजे आपल्या रूढ हिशोबाप्रमाणे सगळ्या सुटलेल्या. पुढच्या पंधरा वर्षांत काय झालं? ज्यांची गाठ दोन सेंटिमीटरच्या आत होती आणि काखेतल्या ग्रंथी स्वच्छ होत्या, त्यांच्यातही १३ टक्के स्त्रियांना हाडात, यकृतात, फुप्फुसात किंवा अशाच दूरच्या ठिकाणी आजार पुन्हा दिसला. तेवढ्याच गाठीबरोबर काखेतल्या एक ते तीन ग्रंथींत कॅन्सर पोचला असेल तर हा आकडा २० टक्के होता, आणि चार ते नऊ ग्रंथींत पोचला असेल तर ३४. गाठ दोन ते पाच सेंटिमीटरची असली तर हेच तीन आकडे १९, २६ आणि ४१.

यातली खरी गोम आकड्यांपेक्षा त्यांच्या चालीत आहे. ज्या स्तनाच्या कॅन्सरात कुठलाच रिसेप्टर नसतो, तो उलटायचा असेल तर बहुधा पहिल्या तीनेक वर्षांत उलटतो. त्यानंतर धोका झपाट्याने उतरतो. हॉर्मोन पॉझिटिव्ह आजार असा वागत नाही. तो सुरुवातीला सौम्य असतो, पहिल्या पाच वर्षांत त्याचे आकडे दुसऱ्यापेक्षा कितीतरी चांगले दिसतात. पण त्याचा धोका दरवर्षी थोडा थोडा, जवळजवळ सारखाच, वीस वर्षांपर्यंत रेंगाळत राहतो. शस्त्रक्रियेच्या वेळीच हाडांच्या मगजात जाऊन बसलेल्या काही पेशी वर्षानुवर्षं निपचित पडून असतात आणि मग कधीतरी वाढायला लागतात. त्या का जाग्या होतात याचं पुरतं उत्तर अजून कुणाजवळ नाही.

हे वाचून घाबरायला झालं असेल तर दोन गोष्टी लगेच सांगतो. एक म्हणजे, १३ टक्के याचा अर्थ शंभरातल्या ८७ जणींना त्या पंधरा वर्षांत असं काही झालं नाही. दुसरी म्हणजे, या स्त्रियांवर उपचार झाले ते बऱ्याच जुन्या काळात. आज ज्या औषधांची चर्चा या पुस्तकात आहे, त्यांतली निम्मी तेव्हा नव्हती. अभ्यास करणाऱ्यांनीच आजचे आकडे यापेक्षा बरे असतील असं नोंदवलं आहे. पण धोक्याची ती लांब, सपाट रेघ तशीच आहे. आणि या आजारावरच्या उपचाराचं सारं शहाणपण, म्हणजे शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन हे सगळं आटोपल्यावरही एक छोटीशी गोळी पाच, सात, दहा वर्षं का घ्यायची, ते या एका रेघेतून येतं.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. आमच्याकडे पेशंट येत नाही, तिचा तुकडा येतो. तो तुकडा बरणीतून काढून कापायचा, मेणात बसवायचा, त्याचे केसापेक्षा पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, हे माझं आयुष्यभराचं काम. या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला लेखकांनी एखाद्या नामवंत कॅन्सर सर्जनऐवजी मला सांगितलं, त्याचं कारण त्यांनी दिलं नाही. माझा तर्क असा की या आजारात पेशंटचं पुढलं आयुष्य ज्या कागदावर ठरतं तो कागद आमच्या खोलीतून बाहेर पडतो, आणि तो नीट कसा वाचायचा हे फारसं कुणी सांगत नाही.

कागदाकडे वळण्यापूर्वी थोडा इतिहास, कारण तो फार सुंदर आहे. १८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन नावाच्या सर्जनने ‘लॅन्सेट’मध्ये एक लेख लिहिला. स्तनाचा कॅन्सर हाताबाहेर गेलेल्या स्त्रियांची अंडाशयं काढली तर कॅन्सर मागे हटतो, असं त्याला दिसलं होतं. ही कल्पना सुचली ती गोठ्यातून. गायीची अंडाशयं काढली की ती जास्त काळ दूध देते, हे काही पशुपालक जाणून होते, आणि बीटसनने आपला प्रबंधच दूध येण्याच्या प्रक्रियेवर लिहिला होता. अंडाशयाचा स्तनाशी काहीतरी संबंध आहे, एवढाच त्याचा धागा. ‘हॉर्मोन’ हा शब्दसुद्धा तेव्हा जन्माला आलेला नव्हता. तो आला १९०५ मध्ये. इस्ट्रोजेन वेगळं काढता आलं ते त्याच्याही पुढे. म्हणजे या आजाराचा पहिला नेमका उपचार आजार कळण्याआधीच सापडला होता.

फक्त एक अडचण होती. अंडाशयं काढून काही स्त्रियांना फरक पडायचा, बाकीच्यांना अजिबात नाही, आणि कुणाला पडेल हे आधी सांगता येत नसे. साठेक वर्षं हे असंच चाललं. मग शिकागोत एल्वुड जेन्सनने किरणोत्सर्गी हायड्रोजन जोडलेलं इस्ट्रोजेन बनवलं आणि ते शरीरात कुठे जातं याचा माग काढला. ते गर्भाशयासारख्या मोजक्याच ठिकाणी जाऊन थांबत होतं, कारण तिथल्या पेशींत त्याला धरून ठेवणारं एक प्रथिन होतं. तोच इस्ट्रोजेन रिसेप्टर. स्तनाच्या गाठीच्या पेशींत हे प्रथिन असलं तर इस्ट्रोजेन त्याला येऊन चिकटतं, ती जोडी पेशीच्या केंद्रकात जनुकांवर बसते आणि पेशीला वाढायचा हुकूम देते. प्रथिन नसेल तर हुकूम ऐकणारंच कुणी नाही. मग अंडाशयं काढून तरी काय होणार?

टॅमॉक्सिफेनची गोष्ट याहूनही गमतीची. इंग्लंडात चेशायरमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ते १९६२ मध्ये बनवलं. बनवलं होतं गर्भनिरोधक म्हणून. उंदरांत ते उत्तम चाललं. बायकांत मात्र उलटंच झालं, त्याने बीजनिर्मितीला चालनाच मिळाली. गर्भनिरोधक म्हणून ते बादच झालं. आर्थर वॉलपोल या त्यांच्या वरिष्ठांनी चिकाटी धरली म्हणून ते कपाटात पडून राहिलं नाही. १९७१ मध्ये मँचेस्टरच्या ख्रिस्टी हॉस्पिटलात मेरी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बळावलेल्या कॅन्सरच्या ४६ स्त्रियांना ते दिलं. दहा जणींना चांगला गुण आला. आकडा फार मोठा नाही, पण त्रास मात्र इतर औषधांच्या मानाने फार कमी होता. आज ही गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, आपल्याकडे काही रुपयांना मिळते, आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जगभरातल्या चाचण्या एकत्र करून दाखवल्याप्रमाणे ती पाच वर्षं घेतल्याने स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू पुढच्या पंधरा वर्षांत सुमारे एकतृतीयांशाने कमी होतात. रिसेप्टर नसेल तर मात्र तिचा काही उपयोग नाही. काही उपयोग नाही म्हणजे खरोखरच शून्य.

म्हणूनच तो कागद. रिपोर्टमध्ये ‘ईआर’ आणि ‘पीआर’ अशा दोन ओळी असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरच्या. त्यापुढे नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेलं पुरेसं नाही. किती टक्के पेशी रंगल्या आणि किती गडद रंगल्या हे दोन्ही लिहिलेलं असलं पाहिजे. काही ठिकाणी या दोन्हींची बेरीज करून आठपैकी गुण देतात, त्याला ऑलरेड स्कोअर म्हणतात. एक टक्का पेशी जरी रंगल्या तरी पॉझिटिव्ह म्हणायचं असा २०१० पासूनचा दंडक आहे, पण एक ते दहा टक्क्यांच्या गाठी वागण्यात बऱ्याचदा निगेटिव्हच्या जवळ जातात. म्हणून २०२० पासून त्यांना ‘लो पॉझिटिव्ह’ असं वेगळं लिहायला सांगितलेलं आहे. नव्वद टक्के आणि तीन टक्के या दोन बायका एकाच शब्दाखाली येतात, पण त्यांचा आजार एक नसतो. तिसरी ओळ हर-टू या आणखी एका प्रथिनाची. ती शून्य किंवा एक असेल तर निगेटिव्ह, तीन असेल तर पॉझिटिव्ह, आणि दोन असेल तर ‘फिश’ नावाची पुढची तपासणी केल्याशिवाय कुणीही काही बोलू नये. चौथी गोष्ट गाठीची ग्रेड. पाचवी ‘की-सिक्स्टी-सेव्हन’, म्हणजे किती पेशी विभागणीच्या मार्गावर आहेत त्याचं प्रमाण. ही शेवटची संख्या दोन प्रयोगशाळांत दोन निघू शकते, तेव्हा तिच्यावर एकटीवर फार भिस्त ठेवू नये, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे.

आता एक गोष्ट, जी पुस्तकात दोन परिच्छेदांत येते आणि जिला माझ्या मते एक अख्खं प्रकरण मिळायला हवं होतं. रिसेप्टर हे नाजूक प्रथिन आहे. गाठ शरीरातून बाहेर पडल्यापासून ते सडायला लागतं. तासाभरात ती फॉर्मेलिनमध्ये गेली पाहिजे, फॉर्मेलिन गाठीच्या आकाराच्या दहापट तरी हवं, आणि त्यात ती किमान सहा तास आणि फार तर बहात्तर तास राहावी. फॉर्मेलिन मांसात तासाला साधारण एक मिलिमीटरच्या वेगाने शिरतं. त्यामुळे अख्खा स्तन तसाच न कापता बरणीत टाकला तर बाहेरची कड टिकते आणि मधली गाठ आतल्या आत खराब होत राहते. शनिवारी दुपारी शस्त्रक्रिया, लोणच्याच्या लहानशा बरणीत कोंबलेला स्तन, वर बोटभर फॉर्मेलिन, सोबत नातेवाईक एसटीतून बरणी घेऊन निघालेला, आणि सोमवारी दुपारी आमच्या टेबलावर: अशा बरण्या मी मोजल्या नाहीत, पण त्यांचा वास अजून ओळखतो. अशा तुकड्यावर ईआर निगेटिव्ह आला तर तो खरोखर निगेटिव्ह आहे की मरून गेला आहे, हे सांगता येत नाही. भारतीय बायकांत हॉर्मोन पॉझिटिव्ह कॅन्सर कमी, असं बराच काळ म्हटलं जायचं. त्यात तथ्य आहे, पण त्यातला काही भाग आपल्या बरण्यांनी निर्माण केलेला होता. तपासणीची पद्धत सुधारली तसे पॉझिटिव्हचे आकडे वाढत गेले.

या चुकीची किंमत काय, तर एका बाईला दहा वर्षं मिळू शकणारी स्वस्त, परिणामकारक गोळी मिळतच नाही. म्हणून ज्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे आणि बाकी सगळी लक्षणं सौम्य गाठीची आहेत, म्हणजे ग्रेड एक, वय जास्त, गाठ हळूहळू वाढलेली, त्यांनी मेणाचा ठोकळा घेऊन दुसरीकडे तपासून घ्यायला अजिबात लाजू नये. ठोकळा तुमचा आहे. प्रयोगशाळेने तो द्यायला हवा.

रिपोर्टवरून भविष्य कसं सांगायचं, हा या पुस्तकाचा गाभा. लेखकांनी इथे एक फरक धरून ठेवला आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. काही गोष्टी आजार कसा वागेल ते सांगतात, काही गोष्टी अमुक औषध लागू पडेल का ते सांगतात, आणि दोन्हींची गल्लत पदोपदी होते. काखेतल्या किती ग्रंथींत कॅन्सर आहे ही पहिल्या जातीची माहिती. ईआर ही दोन्ही जातींची. एखादीला धोका जास्त आहे म्हणून तिला केमोचा फायदाही जास्त होईलच असं नाही. हे पचवणं कठीण जातं. आपल्या घरांतून ‘केमो नाही दिली’ याचा अर्थ पुष्कळदा ‘काहीतरी कमी केलं’ असाच लावला जातो. पैसे वाचवले, वशिला कमी पडला, म्हातारी बाई म्हणून सोडून दिलं.

या समजुतीला सर्वांत जोरदार उत्तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेलरएक्स चाचणीने दिलं. हॉर्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि काख स्वच्छ असलेल्या दहा हजारांहून जास्त स्त्रिया त्यात होत्या. गाठीतल्या २१ जनुकांवरून एक गुण काढायचा. तो मधल्या पट्ट्यात, म्हणजे ११ ते २५ असेल, तर चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवायचं की हिला नुसती गोळी आणि हिला केमो अधिक गोळी. नऊ वर्षांनी दूरच्या अवयवांत आजार न पसरलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळीवर ९४.५ टक्के, केमोसकट ९५ टक्के. अर्ध्या टक्क्यासाठी केस, ओकाऱ्या, रजा आणि लाखो रुपये. पन्नाशीच्या आतल्या आणि गुण १६ किंवा त्याहून जास्त असलेल्या स्त्रियांना मात्र केमोचा थोडा फायदा दिसला. पुढे २०२१ मध्ये काखेतल्या एक ते तीन ग्रंथी बाधित असलेल्यांतही असाच निकाल आला: पाळी गेलेल्यांना केमोने फरक नाही, पाळी चालू असलेल्यांना आहे. यातला किती फरक केमोने कॅन्सरच्या पेशी मारल्यामुळे आणि किती केमोने अंडाशयं झोपवल्यामुळे, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. बीटसन असता तर त्याने कोणती बाजू घेतली असती हे मला ठाऊक आहे.

आपल्यासाठी इथे अडचण अशी की ही तपासणी परदेशी आहे, महाग आहे आणि ती बेतली गेली प्रामुख्याने पाश्चात्त्य स्त्रियांवर. आपल्याकडे हा आजार त्यांच्यापेक्षा साधारण दहा वर्षं आधी होतो, म्हणजे पाळी चालू असलेल्या बायकांचं प्रमाण जास्त. बंगळुरूत तयार झालेली कॅनअसिस्ट ही स्वस्त तपासणी आता उपलब्ध आहे. आणि ज्यांना हीसुद्धा परवडत नाही त्यांच्यासाठी गाठीचा आकार, काख, ग्रेड आणि नीट केलेला ईआर-पीआर एवढ्यावरही अनुभवी डॉक्टर पुष्कळ काही सांगू शकतो. केंब्रिजचं ‘प्रेडिक्ट’ नावाचं गणित तर इंटरनेटवर फुकट आहे. पुस्तकात त्याचा वापर समजावला आहे, पण एक विनंती: ते एकटीने रात्री अकरा वाजता मोबाइलवर करून बघू नका.

कारण टक्केवारी म्हणजे काय हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं, सहन कसं करायचं हे शिकवलेलं नसतं. स्टीफन जे गुल्ड या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाला १९८२ मध्ये पोटातला एक दुर्मिळ कॅन्सर झाला. त्या आजारात निम्मे पेशंट आठ महिन्यांत जातात असं त्याने वाचलं. तो संख्याशास्त्र जाणणारा माणूस. त्याने लगेच ओळखलं की निम्मे आठ महिन्यांत गेले तर उरलेले निम्मे त्यापुढे जगले, आणि त्यांतले काही पुष्कळच पुढे. तो स्वतः वीस वर्षं जगला. मधला आकडा हा गर्दीचा असतो. तुम्ही त्या गर्दीत कुठे उभ्या आहात ते तो सांगत नाही. वय, गाठ, रिसेप्टर, औषध नियमित घेता की नाही, हे सगळं मिळून तुमची जागा ठरते.

नियमित घेता की नाही. या आजारात सर्वांत दुर्लक्षित, सर्वांत घरगुती आणि बहुधा सर्वांत निर्णायक गोष्ट हीच. कॅलिफोर्नियात ८,७६९ स्त्रियांचा अभ्यास झाला. तिथे विमा आहे, औषधांची नोंद होते, आठवण करून दिली जाते. तरीही साडेचार वर्षांत सुमारे एकतृतीयांश स्त्रियांनी गोळी सोडून दिली होती, आणि पूर्ण मुदत नीट घेणाऱ्या जेमतेम निम्म्या होत्या. आपल्याकडे कारणं आणखी वेगळी. गोळ्या संपल्या आणि मुलगा आणायला विसरला. सुनेच्या बाळंतपणात स्वतःचं राहून गेलं. गावच्या डॉक्टरने ‘आता कशाला?’ म्हटलं. किंवा, आणि हे सर्वांत जास्त, त्रास होत होता पण तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. अंगाची लाही होणं, रात्री घामाने जाग येणं, योनीचा कोरडेपणा, नवऱ्याजवळ जाण्याची भीती. हे सांगायला ओपीडीत जागा नसते, आणि डॉक्टर पुरुष असला तर धीरही होत नाही. पुस्तकात या तक्रारींवर मोकळेपणाने लिहिलं आहे, आणि प्रत्येक तक्रारीवर काहीतरी उपाय असतो हेही सांगितलं आहे. गोळी बदलता येते. मधे थोडा खंड घेता येतो. पण न सांगता सोडलेली गोळी डॉक्टरच्या हिशोबात चालूच असते आणि त्याचे पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे राहतात.

कोणती गोळी कुणाला, हा भाग पुस्तकात नीट आला आहे, म्हणून इथे थोडक्यात. पाळी गेलेल्या स्त्रियांत इस्ट्रोजेन बनतं ते चरबीत, अ‍ॅरोमाटेज नावाच्या विकराच्या मदतीने. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन हा विकर बंद करतात आणि टॅमॉक्सिफेनपेक्षा थोडं जास्त काम करतात, पण सांधे धरतात आणि हाडं ठिसूळ होतात. पाळी चालू असलेल्यांना टॅमॉक्सिफेन, किंवा धोका जास्त असेल तर अंडाशयं इंजेक्शनने झोपवून मग अ‍ॅरोमाटेजची गोळी. इथे एक धोका मुद्दाम सांगतो, कारण तो खरोखर घडतो. चाळिशीतल्या बाईची पाळी केमोने थांबते. सगळे समजतात पाळी गेली, आणि तिला नुसतं लेट्रोझोल सुरू होतं. पण अंडाशयं झोपलेली असतात, गेलेली नसतात. लेट्रोझोलच त्यांना हलवून जागं करतं, इस्ट्रोजेन वाढतं, आणि एखादीला दिवससुद्धा जातात. पाळी थांबली म्हणजे गेली, असं पन्नाशीच्या आतल्या बाईच्या बाबतीत रक्त तपासल्याशिवाय कुणी म्हणू नये.

टॅमॉक्सिफेनवर असताना पाळी गेलेल्या बाईला अंगावरून रक्त गेलं तर लगेच दाखवावं, कारण पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर होण्याची शक्यता या गोळीने थोडी वाढते. पायात गुठळी होण्याचीही वाढते. नैराश्यावरची काही औषधं, विशेषतः पॅरॉक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन, तिचं शरीरात होणारं रूपांतर अडवतात, म्हणून दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जाताना ही गोळी चालू आहे हे सांगावं. पाच वर्षं की दहा? २०१३ मध्ये अ‍ॅटलस चाचणीने दाखवलं की दहा वर्षं घेतल्याने पाचव्या ते चौदाव्या वर्षांदरम्यान स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू १५ टक्क्यांवरून १२.२ टक्क्यांवर येतात, आणि पिशवीच्या कॅन्सरची शक्यता १.६ वरून ३.१ टक्क्यांवर जाते. कुणाला हा सौदा पटेल, कुणाला नाही. काख स्वच्छ आणि गाठ लहान असलेल्या बाईने पाचावर थांबायचं ठरवलं तर त्यात मूर्खपणा काहीच नाही.

तरुण मुलींसाठी एक चांगली बातमी आहे. २०२३ मध्ये आलेल्या ‘पॉझिटिव्ह’ नावाच्या चाचणीत पाचशेहून जास्त स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षं गोळी घेऊन मग मुलासाठी दोन वर्षांपर्यंत ती थांबवली. पहिल्या तीनेक वर्षांत त्यांच्यात कॅन्सर उलटण्याचं प्रमाण न थांबवणाऱ्यांइतकंच राहिलं. या आजाराची शेपटी लांब असल्यामुळे अंतिम निकालाला अजून बरीच वर्षं लागतील, हे चाचणी करणारेही मान्य करतात. पण ‘आता मूल विसर’ असं ऐकलेल्या मुलींना किमान चर्चा करायला तरी एक आधार मिळाला.

आहाराच्या प्रकरणाबद्दल माझं लेखकांशी थोडं भांडण झालं. सोयाबीन खावं की नाही यावर त्यांनी चार पानं खर्च केली आहेत. जेवणातल्या सोयाने अपाय झाल्याचा पुरावा नाही, एवढं एका वाक्यात सांगून पुढे जाता आलं असतं. गव्हांकुराचा रस आणि गोमूत्र यांच्याबद्दल मात्र त्यांनी फारच सभ्य भाषा वापरली आहे. गोळी सोडून ते घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, म्हणजे वर्षांनंतर त्यांचे हाडातले तुकडे पाहिले आहेत.

भविष्य सांगण्याआधी पेशंट कोणत्या अवस्थेत येते हे बघावं लागतं, आणि त्याबाबत मुंबईने जगाला एक धडा दिला. परळच्या टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखाहून जास्त स्त्रियांवर वीस वर्षं चाचणी चालवली. मॅमोग्राफी नाही, महागडं यंत्र नाही; प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने स्तन तपासायचे. आजार लवकरच्या अवस्थेत सापडू लागला. २०२१ मध्ये आलेल्या निकालात सगळ्या वयांचा मिळून मृत्यूतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, पण पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या पुढे हॉर्मोन पॉझिटिव्ह गाठींचं प्रमाण जास्त असतं आणि त्या सावकाश वाढतात, त्यामुळे हाताला लागेपर्यंतही वेळ मिळतो. हा माझा अर्थ. अभ्यासकर्त्यांच्या माथी मारू नये.

आजार हाडात किंवा यकृतात पसरल्यावरही हॉर्मोन पॉझिटिव्ह बाईची कहाणी तिथे संपत नाही. पहिला उपचार बहुधा केमो नसतो, पुन्हा गोळ्याच असतात. गेल्या दहा वर्षांत पॅल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब आणि अ‍ॅबेमासिक्लिब या पेशीचं विभाजन रोखणाऱ्या औषधांनी हे चित्र पालटलं. रायबोसिक्लिबच्या एका मोठ्या चाचणीत लेट्रोझोलबरोबर ते घेणाऱ्यांपैकी निम्म्या स्त्रिया ६३.९ महिन्यांहून जास्त जगल्या. नुसत्या लेट्रोझोलवर हा आकडा ५१.४ महिने होता. पसरलेल्या कॅन्सरमध्ये वर्षभराची भर ही सहज मिळणारी गोष्ट नव्हे. पण किंमत? २०२२ मध्ये एका रुग्ण महिलेने रायबोसिक्लिब परवडत नाही म्हणून केरळ उच्च न्यायालयात धाव घेतली आणि देशातल्या कंपन्यांना ते बनवू द्यावं अशी मागणी केली. सुनावणी चालू असतानाच ती गेली. न्यायालयाने प्रकरण मिटवलं नाही, पुढे चालू ठेवलं. २०२३च्या सुरुवातीला पॅल्बोसिक्लिबचं पेटंट भारतात संपलं, देशी कंपन्या उतरल्या आणि त्या औषधाची किंमत धाडकन खाली आली.

त्यामुळे पुस्तकातलं नव्या औषधांवरचं शेवटचं प्रकरण सर्वांत आधी शिळं होणार. गोळीला न जुमानणाऱ्या काही पेशींत रिसेप्टरच्या जनुकातच बदल झालेला असतो हे आता रक्तातून कळतं, आणि त्यावर एलासेस्ट्रँट नावाची गोळी २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तशी आणखी औषधं रांगेत आहेत. लेखकांनी परिशिष्टात औषधांच्या किमती दिल्या आहेत. छपाईला पुस्तक जाईपर्यंत त्यांतल्या दोन बदलल्याचं त्यांनी मला फोन करून सांगितलं. तेव्हा त्या किमतींवर विसंबू नका, दुकानात विचारा, आणि देशी कंपनीची गोळी आहे का हेही विचारा.